अडत दुकानातला मेल रिले: सांगली मार्केट यार्डातल्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

मामांचं मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याचं अडत दुकान आहे. नव्या हळदीचे सौदे जोरात सुरू झाले की दुकानात मेलकडे बघायला कुणाला सवड नसते, म्हणून आत्ताच हात घातला. मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सिस्टिमचं काम बघते, त्यामुळे इथलं सगळं रविवारी, नाहीतर संध्याकाळी सातनंतर.

आजची स्थिती अशी. दिवाणजींच्या टेबलावर विंडोज १०, त्यावर टॅली आणि आउटलुक २०१६. वजनकाट्याशेजारचा कॉम्प्युटर विंडोज ७ वरच अडकलाय, कारण काट्याचं सॉफ्टवेअर त्याच्या पुढच्या विंडोजवर चालत नाही. कोपऱ्यात झेरॉक्सचं मोठं मशीन. ते कागद स्कॅन करून थेट मेल करायचं. मेलखातं ज्यांच्याकडे आहे त्यांनी टीएलएसच्या (मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून लावायचं कुलूप) १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या बंद केल्या, तेव्हापासून ते फक्त कनेक्शन एरर दाखवतं. एवढ्या जुन्या मॉडेलला नवं फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, नाही. नव्या मशीनचं कोटेशन ऐंशी हजारांच्या घरात. त्यामुळे दिवाणजी पेन ड्राइव्हवर स्कॅन घेतात, तो आपल्या कॉम्प्युटरला लावतात आणि मग मेल करतात.

मेलचे पत्ते दोन आहेत. एक दुकानाच्या डोमेनचा, दुसरा जुना जीमेलचा. गुजरात-राजस्थानच्या खरेदीदारांना दुसराच तोंडपाठ आहे, त्यामुळे तो बंद करायचा नाही ही मामांची अट.

ठरलं ते असं: दुकानातच एक छोटा मेल रिले बसवायचा. आतली यंत्रं त्याच्याकडे साध्या एसएमटीपीनं (मेल पाठवायची पद्धत) मेल देतील, तो बाहेर टीएलएस १.२ किंवा १.३ नं बोलून पुढे पाठवेल. पासवर्ड एकाच जागी राहतील. लाइन गेली तर मेल रांगेत थांबेल. येणारी मेल मात्र यातून येत नाही. आयमॅप (आलेली मेल वाचायची पद्धत) प्रत्येकाचं ९९३ पोर्टवर पूर्वीसारखं थेट राहतं. हे वेगळं लिहितेय, कारण मामांना एवढंच पटवण्यात पाऊण तास गेला.

१२ जानेवारी, रविवार

घरी पडून असलेला जुना डेस्कटॉप आणला. हार्ड डिस्क कुरकुरत होती, ती काढून १२० जीबीची एसएसडी बसवली, ११०० रुपये. यंत्र पोटमाळ्यावर ठेवलंय. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर सांगलीत निदान मी तरी चालू मशीन जमिनीलगत ठेवत नाही.

डेबियन १२ ही लिनक्स सिस्टिम, त्यावर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर. बसवताना प्रकार विचारतो तेव्हा 'सॅटेलाइट सिस्टिम' निवडलं, म्हणजे सगळी बाहेरची मेल एकाच पुढच्या सर्व्हरकडे. 'रिलेहोस्ट' या सेटिंगमध्ये त्या सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात लिहायचं आणि कंसाबाहेर कोलन (:) देऊन पोर्ट ५८७. कंस नसतील तर पोस्टफिक्स आधी त्या नावाची एमएक्स नोंद (त्या नावाची येणारी मेल कुठं द्यायची ते सांगणारी) शोधतो, ती आपल्याला नको आहे.

पहिली चाचणी मेल रांगेतच बसली. लॉगमध्ये 'नो वर्दी मेक्स फाउंड'. पासवर्ड चुकला असेल म्हणून तो पुन्हा टाइप केला, फाइल पुन्हा पोस्टमॅप केली (पोस्टफिक्सला वाचता येईल अशी बनवली), मेलकंपनीच्या पोर्टलवर जाऊन पासवर्डच बदलला. संध्याकाळ त्यात गेली. पासवर्डचा संबंधच नव्हता. लॉगिनच्या पद्धती ज्या पॅकेजमध्ये असतात ते 'लिबसॅसल२-मॉड्यूल्स' माझ्या मोजक्या इन्स्टॉलमध्ये आलंच नव्हतं. ते टाकलं, पोस्टफिक्स पुन्हा सुरू केला आणि मेल गेली. ही ओळ लॉगमध्ये दिसली तर आधी हे पॅकेज बघा.

पासवर्डची फाइल साध्या मजकुरात असते. तिची परवानगी ६०० करा, म्हणजे मालकाशिवाय कुणाला ती वाचता येणार नाही, आणि फाइलमध्ये काहीही बदललं की पोस्टमॅप चालवायचंच. पोस्टफिक्स तुमची फाइल वाचत नाही, तिच्यापासून बनलेली डीबी फाइल वाचतो.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ द्यायला गेले ती लॅपटॉप घेऊनच. आज दोन पत्त्यांचा प्रश्न.

जीमेलच्या पत्त्यावरून पाठवलेली चाचणी मेल डोमेनवाल्या सर्व्हरनं ५५३ देऊन परत केली: हा पत्ता तुमच्या खात्याचा नाही. बरोबरच आहे त्याचं. रिले सगळी मेल एकाच खात्याच्या नावावर ढकलत होता. इलाज पोस्टफिक्समध्येच आहे. पाठवणाऱ्याच्या पत्त्यानुसार रिलेहोस्ट निवडणारी एक फाइल असते, 'सेंडर डिपेंडंट रिलेहोस्ट मॅप्स'. त्याच्या जोडीला 'एसएमटीपी सेंडर डिपेंडंट ऑथेंटिकेशन' येस करायचं. यातलं नुसतं पहिलंच केलं तर मेल योग्य सर्व्हरकडे जाते, पण योग्य पासवर्ड घेऊन जात नाही.

जीमेलला खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय ३० मे २०२२ पासून बंद आहे. आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, मग १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड मिळतो. पडद्यावर तो चार-चारच्या गटांत दिसतो. फाइलमध्ये मधल्या जागा न सोडता लिहिला. टू-स्टेपचा कोड मामांच्या मोबाइलवर येणार आणि मामा हळदी-कुंकवाच्या पाहुण्यांत, त्यामुळे एवढ्याशा कामाला रात्रीचे नऊ वाजले.

१९ जानेवारी, रविवार

आज यंत्रं जोडायची.

सर्वात आधी राउटरमध्ये रिलेला आणि आतल्या प्रत्येक यंत्राला कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) नेमून दिला. रिले १९२.१६८.१.१०. मग कुणाकडून मेल घ्यायची ती यादी, 'मायनेटवर्क्स'. मुळात त्यात रिले स्वतःच असतो, म्हणून आउटलुकला ४५४, 'रिले ॲक्सेस डिनाइड' मिळालं. इंटरनेटवरच्या बहुतेक सूचना इथं सगळं लोकल नेटवर्क टाकायला सांगतात. मी टाकलं नाही. सौद्याला आलेले खरेदीदार दुकानात बसतात, चहा पितात, वायफायचा पासवर्ड मागतात, आणि मामा तो देतात. त्यातल्या एकाच्या लॅपटॉपात व्हायरस असला तर तो दुकानाच्या नावानं जगाला स्पॅम पाठवेल, तेही पासवर्डशिवाय. म्हणून यादीत फक्त तीनच आयपी: दिवाणजी, काटा, मशीन. राउटरवर बाहेरून आत कुठलंही पोर्ट उघडलेलं नाही.

काट्याजवळच्या विंडोज ७ वर जुनं आउटलुक २०१० होतं. त्याला आयमॅपसुद्धा जमेना, कारण तिथंही टीएलएसचीच अडचण. रिले त्याला मदत करू शकत नाही. थंडरबर्ड ११५ टाकला. विंडोज ७ वर चालणारी ही शेवटची मालिका, आणि टीएलएस तो स्वतःचं वापरतो, विंडोजचं नाही. येणारी मेल लगेच सुरू झाली. जाणाऱ्या मेलसाठी नवा आउटगोइंग सर्व्हर: पत्ता रिलेचा, पोर्ट २५, सुरक्षा 'नन', ऑथेंटिकेशन 'नो'. एवढं करूनही मेल जुन्याच सर्व्हरकडे जात राहिली. थंडरबर्डमध्ये सर्व्हर यादीत जोडला म्हणजे खातं तो वापरू लागत नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये अगदी खाली जाऊन तो निवडावा लागतो. दुसरा पत्ता असेल तर त्यालाही वेगळा.

आउटलुक २०१६ नं जास्त छळलं. थंडरबर्डची मेल रिले घेतो, शेजारच्या आउटलुकची घेत नाही, एकच नेटवर्क, एकच सेटिंग. लॉगमध्ये ५०४, 'हेलो कमांड रिजेक्टेड'. पोस्टफिक्सचे काही निर्बंध मी कारखान्यातल्या सर्व्हरवरून तसेच आणले होते, त्यात एक होता की हेलो म्हणताना, म्हणजे बोलणं सुरू करताना ओळख देताना, पूर्ण नाव सांगा. थंडरबर्ड तिथं आपला आयपी चौकोनी कंसात सांगतो आणि पास होतो. आउटलुक कॉम्प्युटरचं नुसतं नाव सांगतो, ज्यात टिंब नाही. बाहेरच्या अनोळखी सर्व्हरला अडवायला ठेवलेला तो निर्बंध घरातल्याच माणसाला अडवत होता. निर्बंधांच्या ओळीत 'परमिट मायनेटवर्क्स' सगळ्यात आधी ठेवलं आणि प्रश्न मिटला. आउटलुकमध्ये 'माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन'ची खूणही काढायची. नाहीतर तो रिलेलाही पासवर्ड दाखवायला जातो.

टॅलीत सर्व्हरचा पत्ता हातानं दिला, एसएसएल 'नो', यूजर नेम रिकामं. बिल गेलं. दिवाणजींनी लगेच विचारलं, "पण ह्याची प्रत कुठं ऱ्हाती?" प्रश्न एकदम नेमका. आउटलुक किंवा थंडरबर्ड पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच सेंट फोल्डरमध्ये टाकतात, टॅली तसं काही करत नाही. पोस्टफिक्समध्ये 'सेंडर बीसीसी मॅप्स' आहे, त्यानं प्रत काढता येते. फक्त टॅली आणि आउटलुक एकाच पत्त्यावरून पाठवत असतील तर आउटलुकच्या प्रती दोन-दोन होतात. म्हणून मेलकंपनीकडे बिलांसाठी वेगळा एलियस (त्याच खात्याचा दुसरा पत्ता) बनवला, तो टॅलीला दिला, आणि बीसीसी फक्त त्यालाच लावलं.

झेरॉक्स मशीनला रिलेचा आयपी दिला आणि 'फ्रॉम'मध्ये दुकानाचा पत्ता घातला. पहिल्याच झटक्यात चाललं. ज्याच्यासाठी सगळा घाट घातला ते सगळ्यात सोपं निघालं.

२६ जानेवारी, रविवार

दिवाणजींचा निरोप: मोठं स्कॅन जात नाही. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे. जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना सुमारे एक तृतीयांशानं फुगते, म्हणजे आठ एमबीचं स्कॅनही बसत नाही. मर्यादा वाढवून २,६२,१४,४०० केली. त्याहून उपयोगी काम म्हणजे मशीनवरचं ६०० डीपीआय रंगीत काढून २०० डीपीआय ग्रे केलं. पावत्या आणि पट्ट्या वाचता आल्या म्हणजे झालं.

२ फेब्रुवारी, रविवार

मामांच्या मोबाइलवर आणि मामेभावाच्या लॅपटॉपवर रिले लावू नका. दुकानाच्या वायफायवर चालेल, विश्रामबागला घरी गेलं की १९२.१६८.१.१० तिथं कुठून येणार. मेल आउटबॉक्समध्ये अडकते आणि रात्री अकराला फोन येतो. दोन्ही यंत्रं थेट मेलकंपनीच्या सर्व्हरला जोडली, ५८७ वर. रिले बाहेरून उघडावा असं मामेभावानं सुचवलं. नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी बराच वेळ वीज नव्हती. आल्यावर यंत्रं चालू झाली, मेल जाईना. लॉगमधल्या तारखा बऱ्याच जुन्या. मदरबोर्डचा सेल संपलेला होता. घड्याळ मागे गेलं, आणि त्या तारखेला समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. मी टीएलएसची पातळी 'सिक्युअर' ठेवली आहे, म्हणजे प्रमाणपत्र पटल्याशिवाय पासवर्ड दिला जात नाही. ती पातळी सैल करून मेल सोडता आली असती, पण मग पासवर्ड कुणाच्या हाती जातोय याची खात्री राहत नाही. सीआर२०३२ सेल ४० रुपये. वेळ इंटरनेटवरून जुळवणारी सेवा, 'सिस्टिमडी-टाइमसिंकडी', माझ्या मोजक्या इन्स्टॉलमध्ये हीसुद्धा नव्हती. टाकली.

१६ फेब्रुवारी, रविवार

काही खरेदीदारांकडे बिलं स्पॅममध्ये जात होती. हा दोष रिलेचा नव्हता. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या जाहीर नोंदी) एसपीएफच्या, म्हणजे या डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ते सांगणाऱ्या, दोन ओळी होत्या, एक वेबसाइट बनवणाऱ्यानं घातलेली, एक मेल घेताना आलेली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या तर तपासणारा सर्व्हर ती चूक समजतो, म्हणजे असून नसल्यासारखंच. दोन्ही मिळून एक ओळ केली. डीकेआयएम, म्हणजे जाणाऱ्या मेलवरची डिजिटल सही, मेलकंपनीच्या पोर्टलवरून चालू केलं. जीमेलच्या पत्त्याला यातलं काहीच करावं लागत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ही नोंद सावकाश वाचा.

सकाळी एका खरेदीदाराचा मामांना फोन: गुरुवारपासून बिलं नाहीत, ट्रक भरायचा थांबलाय. मामा दिवाणजींवर घसरले. दिवाणजी म्हणाले, "गेल्यात की सगळ्या, हे बघा." आउटलुकच्या सेंट फोल्डरमध्ये सगळी मेल व्यवस्थित होती. त्यांनी मला फोनवर 'टेस्ट अकाउंट सेटिंग्ज' दाबूनही दाखवलं, दोन्ही ओळींना हिरवी खूण.

संध्याकाळी जाऊन मेलक्यू, म्हणजे रिलेवरची रांग, बघितली. जीमेलच्या पत्त्यावरून गेलेली प्रत्येक मेल रांगेत, कारण ५३५, म्हणजे लॉगिन नाकारलं. गुरुवारी मामांना मोबाइलवर कसलासा संशयास्पद मेसेज आला आणि त्यांनी सावधगिरी म्हणून जीमेलचा पासवर्ड बदलला. त्यांनी केलं ते योग्यच. पण खात्याचा पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. रिलेकडचा पासवर्ड त्या क्षणी मेला.

पूर्वी पासवर्ड चुकला तर आउटलुक लगेच खिडकी काढून विचारायचं. आता आउटलुकचं बोलणं फक्त रिलेशी होतं. रिलेनं घेतली की त्याच्या दृष्टीनं गेली. हिरवी खूणही तेवढ्याचीच. दिवाणजींना सांगताना म्हटलं, रिले हा अडत्याच समजा, त्यानं माल उतरवून घेतल्याची पावती दिली म्हणजे विकल्याची पट्टी झाली नाही. त्यांना ते क्षणात कळलं, मामांना मात्र अजून पोटमाळ्यावरच्या डब्याचा राग आहे.

पोस्टफिक्स गप्प का बसला, तर त्याच्या मूळ सेटिंगमुळे. लॉगिन नाकारलं गेलं तर तो मेल परत करत नाही, तात्पुरती अडचण समजून रांगेत ठेवतो. रांगेत पाच दिवस ठेवतो. आणि मेल अडकल्याची सूचना पाठवणाऱ्याला द्यायची की नाही, तर 'डिले वॉर्निंग टाइम' मुळात शून्य, म्हणजे द्यायचीच नाही. उद्या संध्याकाळनंतर एकेक मेल परत यायला लागली असती, तीही जीमेलला पोचली असती का, हा वेगळाच प्रश्न.

नवा ॲप पासवर्ड, पोस्टमॅप, मग रांग लगेच सोडायला 'पोस्टक्यू -एफ'. रांग रिकामी झाली. त्यातली काही बिलं दिवाणजींनी दुपारीच मोबाइलवरून पाठवली होती, त्यामुळे खरेदीदाराकडे एकेक बिल दोनदा गेलं आणि त्याचेही फोन आले.

'डिले वॉर्निंग टाइम' एक तास केलं, रांगेतला मुक्काम एक दिवस. पण नुसतं एवढ्यावर विसंबू नका. सूचनाही मेलच असते आणि ती त्याच रिलेतून बाहेर पडते. लाइन किंवा डोमेनच्या खात्याचा पासवर्ड गेला असेल तर सूचनाही त्याच रांगेत मागे उभी राहते.

२ मार्च, रविवार

सूचना मेलशिवाय कशी द्यायची. मोबाइलवर मेसेज पाठवायला इंटरनेट लागतं, आणि निम्म्या वेळा तेच गेलेलं असतं. दुकानातल्या दुकानात, माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं एकच यंत्र आहे: झेरॉक्स मशीन. रिलेवर कप्स (लिनक्सवर छपाई करणारं सॉफ्टवेअर) टाकलं आणि मशीन प्रिंटर म्हणून जोडलं. दर दहा मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट 'पोस्टक्यू -जे'नं रांग वाचते. वीस मिनिटांहून जुनी मेल सापडली की एक कागद छापते.

साध्या मजकुरातली देवनागरी चौकोन-चौकोन छापली गेली. लिबरऑफिसमध्ये एकदाच पान बनवून त्याची पीडीएफ केली, स्क्रिप्ट तीच छापते. मोठ्या अक्षरांत: मेल अडकली आहे. बिलं फोनवर कळवा. खाली माझा नंबर.

४ मार्च, मंगळवार

सोमवारी रात्री लाइन गेली. सकाळी दिवाणजींनी दुकान उघडलं तर मशीनच्या पुढ्यात कागदांचा ढीग, ट्रे रिकामा. स्क्रिप्ट दर दहा मिनिटांनी इमानानं छापत राहिली होती. आता एकदा छापलं की एक खुणेची फाइल बनते, आणि रांग रिकामी होईपर्यंत पुन्हा छपाई नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात याबाहेरही नाही. वाया गेलेल्या कागदांची मागची बाजू दिवाणजी कच्च्या हिशेबाला वापरतायत.

९ मार्च, रविवार

आज मामांच्या संमतीनं मुद्दाम पासवर्ड चुकवून बघितला. एक चाचणी मेल, अर्ध्या तासाच्या आत एक कागद, एकच. पासवर्ड दुरुस्त केला, रांग सुटली.

आत्तापर्यंतचा खर्च: एसएसडी ११००, सेल ४०, पाच पोर्टचा स्विच ६५०, केबल आणि कनेक्टर ३००, कागद धरलेला नाही. डेस्कटॉप घरचा. वेळेचा हिशेब मांडला तर मशीनच घेतलं असतं असं मामी म्हणतात. पण नव्या मशीननं जीमेलच्या पासवर्डचा प्रश्न सुटला नसता आणि टॅलीच्या प्रतीही मिळाल्या नसत्या.

राहिलेलं काम: राउटर आणि रिले एकाच यूपीएसवर घ्यायचे आहेत. यूपीएस आहे, बॅटरी गेली आहे. १२ व्होल्ट ७ एएचची लागेल.